रोड बाईकचे गिअर बदलताना: बॅटरीचे घ्यावेत की वायरचे?

केरीच्या बाजूने चोर्ला घाट चढताना मागच्या गिअरची वायर तुटली, तर साखळी आपोआप कॅसेटच्या सर्वांत लहान चक्रावर जाऊन बसते. मागच्या डिरेलरमधली स्प्रिंग त्याला तिकडेच ओढत असते, वायर त्याला आवरून धरते. वायर गेली की चढ समोर आणि हातात सपाटीवरचा जड गिअर, अशी गत होते. त्याच ठिकाणी बॅटरीवर चालणाऱ्या डिरेलरची बॅटरी संपली, तर साखळी आहे तिथेच राहते. सायकलस्वार चढाच्या गिअरमध्ये असेल तर घाट पार होतो, नाहीतर तोही उतरून ढकलत जातो.

रोड बाईकचा ग्रुपसेट बदलायला निघालेल्यांना दुकानात सहसा गिअर किती पटकन पडतो हे दाखवले जाते. बेळगाव, सावंतवाडी, फोंडा अशा ठिकाणी राहून घाटरस्त्यांवर सायकल चालवणाऱ्यांसाठी खरे प्रश्न दुसरे आहेत. बिघाड झाला तर काय होते, तो दुरुस्त करणारा माणूस किती लांब आहे आणि आपल्या फ्रेमवर नवा माल बसतो तरी का?

ग्रुपसेट म्हणजे शिफ्टर, पुढचा-मागचा डिरेलर, क्रँक, कॅसेट, साखळी आणि ब्रेक यांचा संच. मोटरवर चालणारे गिअर तसे नवे नाहीत. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९० च्या दशकातच ते करून पाहिले होते, पण ते टिकले नाहीत. शिमानोचा ड्युरा-एस डीआय२ २००९ मध्ये आला आणि तिथून हा प्रकार रुळला. स्रॅमने २०१५ मध्ये रेड ईटॅप हा पूर्ण बिनवायरचा संच आणला. २०२१ मध्ये शिमानोने ड्युरा-एस आणि अल्टेग्रा १२ स्पीडचे केले, तेव्हा त्यांत वायरचा पर्यायच ठेवला नाही. त्याच वर्षी स्रॅमचा रायव्हल ईटॅप एएक्सएस आला आणि २०२२ मध्ये शिमानोचा १०५ डीआय२. आता सगळेच बॅटरीवर जाणार असे वाटत असताना २०२३ मध्ये शिमानोने १०५ चाच १२ स्पीडचा वायरवाला संच काढला. क्लॅरिस, सोरा, टियाग्रा किंवा जुना ११ स्पीडचा १०५ असलेली सायकल वाढवायची म्हटले की निवड साधारण या तिघांत येते: १०५ वायरचा, १०५ डीआय२ आणि रायव्हल.

वायरच्या गिअरचे काम समजले की त्याची दुखणीही समजतात. ११ स्पीडच्या कॅसेटवर दोन चक्रांतले अंतर पावणेचार मिलिमीटरच्या आसपास असते. शिफ्टरची एक टिचकी वायर तीन मिलिमीटरहूनही कमी ओढते आणि डिरेलर त्याचे साखळीच्या सरकण्यात रूपांतर करतो. इतक्या बारीक हिशोबात आऊटरमध्ये थोडी माती गेली, वायरवर गंज चढला किंवा आऊटर हँडलबारच्या वळणावर चेपला, की गिअर अर्धवट पडतो. मोठ्या चक्राकडे जाताना बोटाचा जोर वायर ओढतो, त्यामुळे तिकडे अडचण कमी जाणवते. लहान चक्राकडे जाताना मात्र बिचाऱ्या स्प्रिंगला एकटीनेच ते घर्षण मोडायचे असते. म्हणून वायर खराब झाल्याची पहिली खूण म्हणजे लहान चक्राकडे जाताना गिअर उशिरा पडणे. कणकुंबी-आंबोलीच्या पावसात फिरलेल्या आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या सायकलींना हे ठरलेलेच.

दुसरी खूण जास्त गंभीर. दर दोन-तीन दिवसांनी बॅरल फिरवून गिअर जुळवावे लागत असतील, तर वायर बहुधा शिफ्टरच्या आत एकेक तार करून तुटत असते. वायर बार टेपखालून जाते अशा शिफ्टरमध्ये ती आत फार आवळ वळते आणि शिमानोच्या ११ स्पीडच्या शिफ्टरमध्ये हा त्रास अनेकांनी भोगला आहे. तुटलेले टोक आत अडकले की काढताना मेकॅनिकला घाम फुटतो. त्याआधीच वायर बदललेली बरी. सायकल नियमित चालणार असेल तर पावसाळा संपला की दरवर्षी वायर आणि आऊटर दोन्ही बदलावेत. खर्च शेकड्यांतला, आऊटर चांगला घेतला तर थोडा जास्त.

हे एवढ्यासाठी सांगायचे, की वायरचे गिअर वाईट म्हणून इलेक्ट्रॉनिक घ्यायला निघालेल्या कितीतरी सायकलींना मुळात फक्त नवी वायर आणि सरळ केलेला हँगर हवा असतो. हँगर म्हणजे मागचा डिरेलर जिथे लटकतो तो मऊ धातूचा तुकडा. बसच्या टपावर किंवा रेल्वेच्या डब्यात सायकल एकदा आडवी पडली तरी तो वाकतो. वाकलेल्या हँगरवर बॅटरीचा गिअरही नीट पडत नाही. ही दुरुस्ती आधी करावी, मग महिनाभर सायकल चालवून बघावी. तरीही मन भरले नाही तर पुढचे वाचावे.

घाटात गिअर कमी पडतो, हे नवा संच घेण्याचे कारण असेल तर तेही आधी तपासावे. ११ स्पीडच्या १०५ मध्ये मागचा डिरेलर दोन लांबींत येतो. आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३० दात्यांपर्यंतचे चक्र घेतो, लांब पिंजऱ्याचा ३४ पर्यंत. पुढे ३४ आणि मागे ३४ असले की पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो, म्हणजे चोर्ला, आंबोलीसाठी बहुतेकांना पुरेल इतका हलका गिअर. त्यासाठी कॅसेट, साखळी आणि गरज पडल्यास डिरेलर बदलला की झाले. १२ स्पीडच्या १०५ मध्ये, वायरच्या असो की डीआय२, ३६ दात्यांपर्यंतची कॅसेट मिळते. रायव्हलमध्ये पुढे ३३ आणि मागे ३६ पर्यंत जाता येते.

आता इलेक्ट्रॉनिकचे खरे गुण. शिफ्टर फक्त बटण असते. डिरेलरमधली मोटर साखळीला ठरलेल्या जागी नेऊन सोडते. एकदा जुळवले की वायर ताणली जाण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे गिअर महिनोन्महिने तसेच राहतात. मागचा गिअर बदलला की डीआय२ मध्ये पुढचा डिरेलर स्वतःच थोडा सरकतो आणि साखळी त्याला घासत नाही. वायरच्या संचात ही अर्धी टिचकी हाताने द्यावी लागते. सर्वांत मोठा फरक पुढच्या चक्रांवर जाणवतो. लहान चक्रावरून मोठ्यावर साखळी चढवताना वायरच्या शिफ्टरला अंगठ्या-बोटांचा चांगला जोर लागतो.

हा जोर २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये फारसा जाणवत नाही. ६०० च्या ब्रेव्हेला ४० तासांची मुदत असते, आणि दुसऱ्या दिवशी तळहात बधिर झालेला असतो. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काम करेनासे होते, हे लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना नवीन नाही. तेव्हा हलक्या बटणाची किंमत कळते. बोटांचा संधिवात असलेले, हात लहान असलेले किंवा मनगटाला जुनी दुखापत असलेले, यांच्यासाठी तर ही चैन नाही, सायकल चालू राहण्याचा मार्ग आहे. अशांनी पैशांची सोय असेल तर फार विचार करू नये. तंदुरुस्त हाताच्या, रविवारी ७०-८० किलोमीटर करणाऱ्या सायकलस्वाराला मात्र या खर्चातून वेग मिळत नाही. वजनाच्या फरकाने निर्णय घेण्याइतकाही फरक नसतो.

बॅटरीचा हिशोब दोन्ही कंपन्यांचा वेगळा आहे. १२ स्पीडच्या डीआय२ मध्ये एक बॅटरी सीटपोस्टच्या आत बसते आणि फ्रेममधून जाणाऱ्या वायरींनी दोन्ही डिरेलर चालवते. शिफ्टर मात्र बिनवायरचे. एका चार्जमध्ये साधारण १००० किलोमीटर धरतात, चार्जिंगची जागा मागच्या डिरेलरवर. चार्ज संपत आला की आधी पुढचा डिरेलर थांबतो आणि मागचा आणखी काही काळ चालतो, म्हणजे सूचना मिळते. स्रॅममध्ये प्रत्येक डिरेलरला आपली छोटी, निघणारी बॅटरी असते आणि ती सुमारे ६० तास चालवण्याइतकी पुरते. १२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला ९० तास असतात, तिथे जादा बॅटरी खिशात हवीच. विमानाने जाताना ही सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवावी लागते, लगेजमध्ये चालत नाही.

शिफ्टरमध्ये बटण-सेल असतात आणि ते वर्ष-दीड वर्ष सहज चालतात. स्रॅमला सीआर २०३२ लागतो, तो घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. डीआय२ ला सीआर १६३२ लागतो, तो गावात मिळेलच असे नाही. दोन सेल टूलकिटमध्ये टाकून ठेवावेत.

पावसाची भीती अनेकांना वाटते, ती बरीचशी अनाठायी. मोटर आणि जोड पाण्यापासून बंद केलेले असतात, आणि भिजून कुजणारी वायर नसल्यामुळे पावसाळ्यात इलेक्ट्रॉनिक संच उलट कमी कुरकुरतो. फक्त गाडी धुण्याच्या सेंटरवरचा जोराचा फवारा त्यावर मारू नये. साखळी आणि कॅसेट मात्र दोन्हींत सारखीच झिजते.

खरी अडचण ब्रेकपाशी येते आणि ती पैसे भरल्यानंतर कळली तर फार महाग पडते. १०५ डीआय२, १२ स्पीडचा वायरचा १०५ आणि रायव्हल एएक्सएस हे तिन्ही हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठी आहेत. सायकलला रिम ब्रेक असतील, तर फ्रेम आणि फोर्कवर डिस्कची कॅलिपर बसवायला जागाच नसते. अशा सायकलीला यातला संच लावणे म्हणजे फ्रेम, फोर्क आणि चाके बदलणे, म्हणजे नवी सायकलच. रिम ब्रेकची चांगली फ्रेम असलेल्यांनी ११ स्पीडचा वायरचा संच नीट ठेवणे हेच शहाणपणाचे.

डिस्कची फ्रेम असली तरी दोन गोष्टी पाहाव्यात. डीआय२ साठी सीटपोस्टमधून खाली आणि तिथून दोन्ही डिरेलरपर्यंत वायर न्यायला फ्रेममध्ये आतून वाट आणि भोके लागतात. वायरी बाहेरून जाणाऱ्या साध्या ॲल्युमिनियम फ्रेममध्ये ती नसतात. तिथे डिरेलरला वायरच न लागणारा स्रॅम सोपा. पण स्रॅमची कॅसेट १० दात्यांपासून सुरू होते आणि तिला मागच्या चाकावर एक्सडीआर नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. तो जुन्या चाकाला मिळतो का, हे चाकाच्या कंपनीवर अवलंबून. शिमानोच्या १२ स्पीडच्या रोड कॅसेट मात्र ११ स्पीडच्या जुन्या शिमानो फ्रीहबवर बसतात, म्हणजे चाक वाचते. हायड्रॉलिक ब्रेक आधी नसतील तर तेल भरणे, हवा काढणे हा खर्चही धरावा.

मग दुरुस्ती. वायरचा गिअर तालुक्याच्या गावातला सायकलवालाही चालता करून देतो, निदान घरी पोहोचण्यापुरता. इलेक्ट्रॉनिक डिरेलरची मोटर गेली किंवा पडून तो मोडला, तर तो उघडून दुरुस्त होत नाही, नवा घ्यावा लागतो आणि त्याची किंमत पाच आकडी असते. पुणे, हैदराबाद, बंगळूर इथे माल आणि जाणकार दोन्ही मिळतात. लहान गावात कुरिअरची वाट पाहणे आले. दुबई-अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून संच मागवणाऱ्यांनी वॉरंटी इथे चालते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. कारण वॉरंटीचा भाग परत तिकडे पाठवायची वेळ आली की वाचलेले पैसे जातात.

जुना इलेक्ट्रॉनिक संच विकत घेताना बॅटरी किती वर्षांची आहे हे विचारावे आणि चार्जर सोबत आहे ना ते पाहावे. ११ स्पीडचे डीआय२ चे भाग १२ स्पीडच्या भागांशी जुळतात असे गृहीत धरू नये. शक्य असेल तर संच सायकलवर चढवलेला असतानाच, सगळे गिअर वर-खाली करून पाहून पैसे द्यावेत.

आणि घाटात अडकलेच तर. वायर तुटली असेल तर मागच्या डिरेलरवरचा एच खुणेचा स्क्रू आत फिरवत जावा. साखळी सर्वांत लहान चक्रावरून एक-दोन चक्रे आत सरकते आणि पुढचे लहान चक्र वापरून निदान सौम्य चढ निघतो. वायर फ्रेमच्या बाहेरून जात असेल, तर डिरेलर हाताने मधल्या चक्राखाली धरून वायरचे उरलेले टोक ताणावे आणि बाटलीच्या स्टँडच्या बोल्टखाली आवळावे. बिनवायरच्या स्रॅममध्ये मागची बॅटरी संपली, तर पुढच्या डिरेलरची काढून मागे लावावी, दोन्ही सारख्याच असतात. काढण्याआधी पुढची साखळी लहान चक्रावर आणून ठेवावी. डीआय२ पडल्यावर मागचा डिरेलर हलेनासा झाला, तर तो मोडला असे लगेच समजू नये. धक्का बसल्यावर तो मोटरपासून स्वतःला सोडवून घेतो, आणि बटण काही सेकंद दाबून धरले की पुन्हा जागेवर येतो.