बाईच्या जागी बदली कोण?

रत्नागिरीच्या माणसाला ‘बदली’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सरकारी नोकराची बदली वेगळी. आम्हांला येथे अभिप्रेत आहे ती गिरणीतली. कोकणातला चाकरमानी शिमग्याला, गणपतीला किंवा भाताच्या लावणीला गावी आला, की मुंबईत त्याच्या साच्यावर दुसरा माणूस उभा राही. तो ‘बदली’. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने या बदली कामगारांच्या नोंदणीची रीतसर पद्धतच घालून दिली. पुरुष अधूनमधून गैरहजर राहणार, हे धरूनच गिरणी चालत असे. गावी त्याचे म्हातारे आईबाप, मुले आणि गुरे जी सांभाळी, तिच्या जागी मात्र बदली नव्हती.

गिरणीत काम करणाऱ्या बाईचे काय? ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. १९२८ साली रा. सं. आसवले यांनी मुंबई विधिमंडळात तसेच विधेयक मांडले. त्याला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी (त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे) मांडलेला मुद्दा आजही ताजा वाटतो. मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा भार बराचसा सरकारने उचलावा. पण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा तोही सुटत नाही, असा त्याचा आशय होता. १९२९ च्या कायद्याने भार टाकला तो मालकावर. पुढच्या दशकांत गिरण्यांतला स्त्रियांचा वाटा घटत गेला. रात्रपाळीची बंदी, यंत्रांचे सुसूत्रीकरण अशी त्याची इतरही कारणे होती. सारे खापर या कायद्यावर फोडणे अन्यायाचे होईल. तरी बाई ठेवली तर खर्च वाढतो, हा हिशेब मालकाच्या हाती आयता आला.

हाच हिशेब १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात उघडा पडला. मुंबईच्या इंटरनॅशनल फ्रँचायझेस या कंपनीच्या एका विभागात नियम होता : लग्न झाले की नोकरी संपली. विवाहित स्त्रिया जास्त गैरहजर राहतात आणि येथे काम गटाने करावे लागते, ही कंपनीची सबब. बॉम्बे लेबर युनियनचे म्हणणे औद्योगिक न्यायाधिकरणाने मानले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला. मुलांमुळे खाडे होत असतील तर मुले असलेल्या विधवेचेही होतील. फरक फक्त बाळंतपणाच्या रजेचा, आणि तेवढ्यासाठी चार जास्तीच्या स्त्रिया राखीव ठेवल्या की भागते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे बदलीच! पुरुषासाठी गिरणीने जे केव्हाच केले होते, ते बाईसाठी करायला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

पण या निकालातही आम्हांला एक उणीव जाणवते. फरक फक्त बाळंतपणाचा, असे म्हटल्याबरोबर सासऱ्यांचे पथ्यपाणी, मुलाचा ताप, नणंदेचे आजारपण हिशेबाबाहेर गेले. कायद्याला बाईचे गर्भाशय दिसले, तिचे हात दिसले नाहीत. १९८१ च्या एअर इंडिया खटल्यातही पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा नियम गेला, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट टिकली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २०१८ मध्ये राज्य सरकारने महिला कर्मचाऱ्यांना, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी अशी वेगळी रजा नाही. तिथे अर्जात ‘घरगुती कारणास्तव’ एवढेच लिहायचे.

आम्हांला निदान अर्ज तरी करता येतो. आमच्याच शिक्षककक्षात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईंना तीही सोय नाही. तास बुडाला की मानधन बुडाले. एका बाईंनी आईच्या आजारपणात तीन आठवडे काढले. त्यांचे तास दुसऱ्यांनी घेतले. जूनमध्ये बोलावणे त्या दुसऱ्यांनाच आले.