दुय्यम विषयाची कहाणी



वाशीम जिल्ह्यांतील इंझोरी गांवच्या एका विद्यार्थिनीनें मला विचारलें, "गुरुजी, पदवीला इतिहास घेतला आहे. जोडीला संगणकशास्त्र हा दुय्यम विषय घ्यावा म्हणतें. पण घरचे म्हणतात, दुय्यम तें दुय्यमच." मी पडलों जुना मॅट्रिक शाळामास्तर, संगणक मला कोठून येणार? परंतु ह्या शंकेचें उत्तर इतिहासांतच आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं 'टिफ्रॅक' हा संगणक पूर्ण होऊन चालूं लागला. त्याच्या स्मृतींत अवघे २०४८ शब्द मावत. तो घडविणाऱ्यांचे प्रमुख आर. नरसिंहन् हे दूरसंचार अभियांत्रिकी शिकलेले, आणि त्यांची डॉक्टरेट गणितांतली. संगणकशास्त्राची पदवी त्यांच्यापाशीं असणार कशी? अमेरिकेंत ह्या शास्त्राचा पहिला विद्यापीठ-विभाग पर्ड्यू येथें निघाला, तोच मुळीं १९६२ सालीं!

दुसरें उदाहरण आपल्या वऱ्हाडांतलें. विजय भटकर हे मुरंबा गांवचे. हें गांव अकोला जिल्ह्यांत. आणि वाशीमहि १९९८ पर्यंत त्याच जिल्ह्यांत मोडत असे. १९६५ सालीं ते नागपुरास अभियंते झाले. तेव्हां संगणकशास्त्राची पदवी तेथें नव्हतीच. पुढें अमेरिकेनें महासंगणक देण्याचें नाकारल्यावर १९८८ सालीं पुण्यांत 'सी-डॅक' स्थापन झाली, आणि भटकरांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' सिद्ध झाला.

तात्पर्य, ज्यांनीं हें शास्त्र येथें रुजविलें, ते दुसऱ्याच विषयांतून त्याकडे आले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मुख्य विषयाला दुय्यमाची जोड दिली, आणि २०२४-२५ पासून ती आपल्याकडील संलग्न महाविद्यालयांतहि आली. म्हणजे जुनीच वाट आतां राजमार्ग झाली, इतकेंच.

अर्थात् दुय्यम विषयाच्या थोड्या तासांनीं कोणी अभियंता होत नाहीं. परंतु खानेसुमारीचे तक्ते ताडून पाहणें, मोडी कागदांची सूची करणें, हीं कामें इतिहासाच्या अभ्यासकास संगणकावर झपाट्यानें करितां येतात. प्रश्न मुख्य विषयानें द्यावा, साधन दुय्यमानें.

मीं त्या मुलीस एवढेंच सांगितलें: "बाळ, विषय खुशाल घे, मात्र तुला स्वतः यंत्रापुढें बसावयास मिळतें कीं नुसत्या टिपणांवर परीक्षा होते, तें महाविद्यालयांत आधीं विचार." तिनें विचारलें, आणि मगच अर्ज भरला.