मुंबईचा प्लेग, एडिनबर्गचे गणित

साथरोगांच्या गणिताचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले तरी त्यात एक आलेख हमखास भेटतो. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे मेली, ते त्यात ठिपक्यांनी दाखवलेले असते आणि त्या ठिपक्यांना जवळजवळ चिकटून एक सुबक घंटाकृती रेषा गेलेली असते. विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेल्या निबंधातला हा आलेख. आज संगणकावर चालणाऱ्या साथींच्या बहुतेक मॉडेलांचे मूळ याच निबंधात आहे आणि ते मॉडेल खरे असल्याचा पहिला पुरावा म्हणून मुंबईचे हे ठिपके दाखवले जातात. माझे म्हणणे असे, की निबंध थोरच आहे, पण हा आलेख त्याचा पुरावा नव्हे. आणि तो का नव्हे, हे निबंध लिहिला जाण्याच्या वीस वर्षे आधी मुंबईतच कळलेले होते.

मॅकेंड्रिक हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे काम त्यांनी पाहिले होते. एडिनबर्गला परतल्यावर त्यांना केरमॅक भेटले. ते रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती, तरी लांबलचक समीकरणे ते मनातल्या मनात सोडवत. दोघांपुढचा प्रश्न साधा होता: साथ का ओसरते? लागण होऊ शकेल अशी माणसेच संपतात म्हणून, की रोगजंतूंचा जोर कमी होतो म्हणून? त्यांनी लोकसंख्येचे तीन भाग कल्पिले: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे होऊन किंवा मरून साखळीतून बाहेर पडलेले. मग गणिताने दाखवून दिले की दोन्हींपैकी काहीही घडायची गरज नाही. लागण होऊ शकणाऱ्यांची दाटी एका ठरावीक उंबरठ्याखाली उतरली, की पुष्कळ माणसे शिल्लक असतानाही साथ आपोआप विझते. हा निष्कर्ष आजही अभंग आहे, आणि तो मुंबईच्या एकाही आकड्यावर अवलंबून नाही.

आता आलेखाकडे वळू. त्या रेषेच्या सूत्रात तीनच संख्या आहेत. एक शिखराची उंची सांगते, आठवड्याला ८९० मृत्यू. उरलेल्या दोन रेषेचा पसरटपणा आणि शिखराची वेळ ठरवतात. हे शिखर सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला येते. सूत्राखालच्या सगळ्या मृत्यूंची बेरीज केली तर ती ८,९०० भरते. १९०६ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेदहा लाखांच्या वर होती. म्हणजे शंभरात एखादा माणूस गेला आणि तेवढ्याने उरलेल्या शहराची दाटी नेमकी उंबरठ्याखाली उतरली, असे मानावे लागेल. गणितात हे अशक्य नाही, पण त्यासाठी फारच काटेकोर योगायोग जुळून यायला हवा. शिवाय तो दरवर्षी जुळायला हवा. कारण १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, त्यानंतर तो हिवाळ्यात चढायचा आणि पावसाळ्याआधी उतरायचा, असे वर्षामागून वर्षे चालले होते. खरी गोष्ट अशी, की डाव्या-उजव्या बाजू सारख्या असलेल्या कोणत्याही उंचवट्याला तीन मोकळ्या संख्या बहुधा बसवता येतात.

उतार खरोखर कशामुळे पडत होता, याचा शोध परळच्या प्रयोगशाळेच्या आवारात चालला होता. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने तिथे मुद्दाम छोट्या खोल्या बांधून प्रयोग केले. पिसवांची उडी पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर पिंजरे टांगले तर गिनीपिग वाचत आणि जमिनीवर ठेवले तर मरत. शीव, वडाळा, परळ, वरळी इथले उंदीर तपासून आयोगाने क्रमही लावला: आधी उंदरांत साथ, मग सुमारे दोन आठवड्यांनी माणसांत. उंदीर पडू लागले की घर सोडायचे, हे लोकांना आधीपासून ठाऊक होते; आयोगाने त्यामागचे कारण दाखवले. उष्मा वाढला की पिसवांमार्फत होणारा प्रसार मंदावतो, हेही पुढे उलगडले. समीकरणात मात्र ना उंदीर होता, ना पिसू, ना ऋतू. २०१२ साली फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी ऋतुमान धरून हे गणित पुन्हा मांडले आणि जुन्या जुळणीतल्या उणिवा दाखवल्या.

यावर कुणी म्हणेल, की लेखकांवर हा अन्याय आहे, कारण त्यांनी स्वतःच सावधगिरीचा इशारा दिला होता. तो दिला होता, आणि मला त्या निबंधातला तो सर्वांत मोलाचा परिच्छेद वाटतो. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब मानले आहे, बेटावरच्या सर्व उंदरांना लागणीचा धोका सारखाच धरला आहे, पिसवा इतक्या भरपूर धरल्या आहेत की संसर्ग जणू थेट स्पर्शानेच होतो. यांतले एकही गृहीतक तंतोतंत खरे नाही, म्हणून समीकरण फार ढोबळ आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. आलेख पुढे गेला, हा परिच्छेद मागे राहिला. दोष उद्धृत करणाऱ्यांचा आहे.

दुसरा आक्षेप आजचा आहे: तेव्हा हाताने गणित करावे लागे, म्हणून मॉडेल साधे ठेवणे भाग होते, आता संगणक उंदीर, पिसवा, तापमान सगळे सामावून घेईल. सामावून घेईल खरा. पण तीन संख्यांनी एक उंचवटा जुळत असेल, तर तीस संख्यांनी काहीही जुळेल. त्यांतली प्रत्येक संख्या कुणीतरी परळसारख्या ठिकाणी वेगळी मोजलेली असेल, तरच त्या जुळणीला अर्थ. २०२० साली करोनाच्या वेळी रोज नवे वक्र छापून येत होते आणि त्यांखाली गृहीतके क्वचितच दिसत. मराठीत विज्ञान शिकवणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना म्हणून एवढीच विनंती आहे: मुंबईचा तो आलेख जरूर छापा, पण त्याच्या लेखकांनी लिहिलेली गृहीतके त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.