काउंटरवरचा प्रश्न आणि कन्सोलचं नाव

व्हिडिओ गेमचं यंत्र खेळणारा ते स्वतः विकत घेतोच असं नाही. मूल मागतं, पैसे आईवडील किंवा आजी-आजोबा मोजतात आणि दोघांच्या मधे दुकानदार उभा असतो. मागणाऱ्याला यंत्राची खडान्‌खडा माहिती असते. त्याच्या पोटात कोणती चिप आहे, त्यावर कोणते खेळ येणार आहेत, शेजारच्या मित्राकडच्या यंत्राहून ते किती वेगवान आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. पैसे देणाऱ्याच्या हाती मात्र अनेकदा एवढंच असतं : मुलानं सांगितलेलं नाव. त्या नावाच्या बळावर त्याला काउंटरवर दोन प्रश्न सोडवायचे असतात. हे नेमकं काय आहे? आणि घरात आहे त्याहून हे वेगळं आहे का? गेल्या चाळीसेक वर्षांतल्या कन्सोलच्या नावांचा इतिहास, विशेषतः जपानच्या निन्टेंडो कंपनीचा, या दोन प्रश्नांच्या कसोटीवर वाचला तर नीट उलगडतो. नाव यंत्र विकत नाही, ते यंत्राची ओळख पटवून देतं. ती ओळख न खेळणाऱ्या माणसाला पटली नाही, तर चांगलं यंत्रही दुकानातच पडून राहतं.

सुरुवात 15 जुलै 1983 पासून करू. त्या दिवशी जपानमध्ये दोन कंपन्यांची दोन यंत्रं बाजारात आली. सेगाच्या यंत्राचं नाव होतं एसजी-1000 आणि किंमत 15,000 येन. निन्टेंडोचं यंत्र 14,800 येनचं होतं आणि त्याचं नाव होतं ‘फॅमिली कॉम्प्युटर’. पहिलं नाव कारखान्याच्या नोंदवहीतून उचलल्यासारखं होतं, दुसरं घरातल्या सगळ्यांना उद्देशून होतं. यंत्राचे मुख्य अभियंता मासायुकी उएमुरा यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे ‘फॅमिकॉम’ हे सुटसुटीत रूप त्यांच्या पत्नीनं सुचवलं. लांबलचक इंग्रजी नावं दोन तुकडे जोडून आखूड करायची जपानी सवय तिच्या कानात होतीच. गंमत म्हणजे ‘फॅमिकॉम’ या शब्दाचा व्यापारी हक्क आधीच शार्प कंपनीकडे, तिच्या ओव्हनसाठी, नोंदलेला होता. त्यामुळे निन्टेंडोच्या खोक्यावर ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हेच नाव छापलं जाई आणि लोकांच्या तोंडी मात्र फॅमिकॉम रुळलं. सेगाचं यंत्र मागे पडलं ते केवळ नावामुळे, असं कोणी म्हणणार नाही. ‘डाँकी काँग’सारखे आर्केडमध्ये गाजलेले खेळ निन्टेंडोकडे होते. पण फॅमिकॉम हे नाव पालकांशी बोलत होतं, हे नाकारता येत नाही. हे एकट्या मुलाचं खेळणं नाही, घराचं यंत्र आहे आणि ते कॉम्प्युटरच्या जातीचं आहे, एवढं त्या एका नावातून कळत होतं. पुढच्याच वर्षी त्याला जोडायचा कीबोर्ड आला आणि नावातल्या दाव्याला थोडा आधारही मिळाला.

हेच नाव अमेरिकेत चाललं नसतं, कारण तिथल्या काउंटरवरचा प्रश्न वेगळा होता. 1983 साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. सुमार खेळांचा पूर आला, दुकानदारांच्या गळ्यात न विकलेला माल पडला, आणि अटारी कंपनीनं सप्टेंबर 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत खेळांची काडतुसं (कार्ट्रिज) ट्रकनं नेऊन पुरली. बरीच वर्षं लोक ही दंतकथा मानत. 2014 मध्ये जागा उकरली तेव्हा काडतुसं सापडली. अशा वेळी ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द ऐकताच खेळण्यांचे दुकानदार मान फिरवत. दुसरीकडे कॉम्प्युटर म्हणावं, तर कमोडोर 64 सारखे खरे घरगुती संगणक स्वस्तात मिळत होते. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेनं आधी कीबोर्डसह ‘अॅडव्हान्स्ड व्हिडिओ सिस्टिम’ या नावानं यंत्र दाखवून पाहिलं, पण दुकानदारांनी दाद दिली नाही. मग सगळी भाषाच बदलली. यंत्र झालं ‘निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम’. कन्सोलला ‘कंट्रोल डेक’ आणि काडतुसाला ‘गेम पॅक’ म्हणायचं ठरलं. सोबत रॉब नावाचा प्लॅस्टिकचा रोबो दिला. त्याच्यासाठी अवघे दोन खेळ निघाले, पण त्याच्या जोरावर यंत्र खेळण्यांच्या फळीवर शिरलं. ऑक्टोबर 1985 मध्ये न्यूयॉर्कमध्ये चाचणी विक्री सुरू झाली तेव्हा शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांनी दुकानदारांना शब्द दिला होता, की न खपलेला माल कंपनी परत घेईल.

हे नाव खोक्यावर छापून थांबलं नाही, ते यंत्राच्या अंगात उतरलं. जपानी फॅमिकॉम लाल-पांढरं, खेळकर दिसणारं होतं आणि त्यात काडतूस वरून खोचलं जाई. अमेरिकी अवतार राखाडी, चौकोनी, व्हीसीआरसारखा केला. पुढचं झाकण उघडायचं, काडतूस आत आडवं सरकवायचं, मग खाली दाबून बसवायचं. पूर्वीच्या बदनाम यंत्रांची आठवण करून देणारी खाच नजरेआड करणं हा त्यामागचा हेतू होता. त्याची किंमत यंत्रानं मोजली. आतल्या जोडणीच्या बारीक पिना पुन्हा पुन्हा दाबल्या जाऊन सैल पडत, संपर्क तुटे, पडदा लुकलुकत राही आणि मुलं काडतूस काढून त्यावर फुंकर मारत बसत. फुंकर मारून फरक पडे तो मुळात काडतूस पुन्हा नीट बसल्यामुळे. उलट तोंडातल्या ओलाव्यानं धातूला गंज चढायची भीती असे. ‘हा व्हिडिओ गेम नव्हे’ असं नावातून सांगायचं होतं, आणि ते खरं वाटावं म्हणून यंत्राची रचनाच बदलली गेली. नाव ही शेवटी चिकटवायची पट्टी आहे असं मानणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा. फॅमिकॉम आणि त्याचा हा अमेरिकी भाऊ मिळून जगभर 6 कोटी 19 लाख खपले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. नावाला एवढं महत्त्व असेल, तर एकच यंत्र दोन देशांत दोन नावांनी कसं चाललं? सेगाचं ‘मेगा ड्राइव्ह’ अमेरिकेत ‘जेनेसिस’ म्हणूनच गाजलं. आणि आपल्याकडे तर नावाशिवायच सगळं चाललं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत खेळलं गेलं ते फॅमिकॉमची नक्कल केलेलं यंत्र. त्यावर कोणतं नाव छापलंय याकडे फारसं कोणी पाहत नसे. ते नुसतं ‘व्हिडिओ गेम’ असे आणि त्यात घालायच्या त्या ‘कॅसेट’. पण या आक्षेपाचं उत्तर त्याच परिस्थितीत आहे. दोन नावं चालली, कारण बाजार एकमेकांपासून तुटलेले होते. टोकियोची जाहिरात शिकागोतल्या बापाला दिसत नव्हती. आणि आपल्याकडे नाव लागलं नाही, कारण दुकानात निवड जवळपास नव्हतीच. बहुतेक यंत्रं एकाच घडणीची होती, एकाची कॅसेट दुसऱ्यात चाले, त्यामुळे चुकीची वस्तू घरी येण्याचा धोका फारसा नव्हता. एकमेकांना न चालणारी यंत्रं शेजारी शेजारी मांडली जातात, तेव्हा नावाची खरी गरज पडते. सेगालाही ते भोगावं लागलं. नोव्हेंबर 1994 मध्ये तिनं अमेरिकेत जेनेसिसला जोडायचं ‘32एक्स’ हे उपकरण काढलं आणि त्याच महिन्यात जपानमध्ये ‘सॅटर्न’ हे अगदी नवं यंत्र आणलं. काय घ्यावं आणि कशासाठी थांबावं, हे गिऱ्हाइकाला कळेना. 32एक्स लवकरच अडगळीत गेलं.

आता अलीकडच्या, जास्त बोलक्या उदाहरणाकडे येऊ. एप्रिल 2006 मध्ये निन्टेंडोनं नव्या यंत्राचं नाव जाहीर केलं : ‘वी’. तोवर त्याला ‘रेव्होल्यूशन’ या कामचलाऊ नावानं ओळखत. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत या नावाची यथेच्छ टिंगल झाली, कारण तिथल्या लहान मुलांच्या बोलीत त्याचा अर्थ लघवी. पण टिंगल करणारे होते ते मुख्यतः आधीपासूनचे खेळाडू. कंपनीचं लक्ष होतं कधीच न खेळलेल्या माणसांवर. नाव छोटं होतं, कोणत्याही भाषेत उच्चारता येणारं होतं, ‘आपण’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखं ऐकू येत होतं, आणि इंग्रजीत लिहिताना येणारे दोन ‘आय’ शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांसारखे दिसत होते. शिवाय नावात कंपनीचं नाव नव्हतं, त्यामुळे जुन्या यंत्रांची स्मृती त्याला चिकटली नाही. हातातली कांडी हलवली की पडद्यावर रॅकेट हलते, हे आजीलाही एका वाक्यात सांगता येत होतं. 10 कोटी 16 लाख यंत्रं विकली गेली.

त्याच कंपनीनं 7 जून 2011 रोजी लॉस एंजेलिसच्या ई3 प्रदर्शनात पुढचं यंत्र दाखवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘वी यू’. मधल्या पाच वर्षांत ‘वी’ हा शब्द असंख्य जोडउपकरणांवर छापला गेला होता : वी फिट, वी बॅलन्स बोर्ड, वी व्हील, वी झॅपर. त्यामुळे ‘वी’च्या पुढे आणखी एक अक्षर म्हणजे आणखी एक जोडउपकरण, हा अर्थ गिऱ्हाइकाला कंपनीनंच शिकवला होता. त्यात सादरीकरणाचा सगळा भर हातात धरायच्या पडदेवाल्या गेमपॅडवर होता. खरं यंत्र कोपऱ्यात जेमतेम दिसलं. शिवाय जुन्या वीच्या कांड्या त्याला चालत, जुने खेळही चालत. प्रत्येक सोय गैरसमज पक्का करत गेली. नवं यंत्र नेमकं काय आहे हे लोकांपर्यंत पोचवण्यात आपण कमी पडलो, काहींना ते जुन्या वीला जोडायचं उपकरण वाटतं, हे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पुढे जाहीरपणे कबूल केलं. वी यू 1 कोटी 35 लाखांवर थांबलं, आधीच्या यंत्राच्या साधारण आठव्या हिश्शावर.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो : यंत्रं खेळांमुळे विकली जातात, नावांमुळे नव्हे. वी यूवर बाहेरच्या कंपन्यांचे खेळ कमी होते, त्याची ताकद प्रतिस्पर्ध्यांपुढे तोकडी होती. आणि याच निन्टेंडोचं ‘गेमक्यूब’ हे 2001 चं नाव कमालीचं स्पष्ट होतं, यंत्र खरोखर घनाकार होतं, तरी ते 2 कोटी 17 लाखांवर अडकलं. हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भाग मान्य केलाच पाहिजे. चांगलं नाव दुबळ्या यंत्राला तारत नाही. पण वाईट नाव चांगला माल झाकून ठेवू शकतं, आणि याचा पुरावा ‘मारिओ कार्ट 8’ या खेळात आहे. वी यूवर हा खेळ 84 लाखांच्या आसपास खपला. तोच खेळ थोडी भर घालून 2017 मध्ये निन्टेंडोच्या पुढच्या यंत्रावर, ‘स्विच’वर, आला आणि 6 कोटींहून जास्त खपला. स्विच हातात घेऊन फिरता येतं, हा मोठा फरक आहेच, त्यामुळे सगळं श्रेय नावाला देणं चूक ठरेल. तरीही एवढं सिद्ध होतं, की खेळात खोट नव्हती. खोट होती ती खेळ आणि गिऱ्हाईक यांच्या मधल्या वाटेत, आणि नाव त्याच वाटेवर असतं.

मग सोपा उपाय म्हणून आकडे का वापरू नयेत? सोनीनं 1994 पासून तेच केलं. प्लेस्टेशनच्या पुढे दोन, तीन, चार, पाच. दुकानात गेलेल्या कोणालाही मोठा आकडा म्हणजे नवं यंत्र हे न सांगता कळतं. मायक्रोसॉफ्टला हा मार्ग सरळ नव्हता. तिचं दुसरं यंत्र 2005 मध्ये येत होतं आणि पुढ्यात प्लेस्टेशन 3 उभं राहणार होतं. तीनच्या शेजारी दोन मांडलं तर गिऱ्हाइकाला ते मागासलेलं वाटेल, म्हणून नाव आलं ‘एक्सबॉक्स 360’. तिसऱ्या यंत्राला 2013 मध्ये ‘एक्सबॉक्स वन’ म्हटलं, मग त्याचे ‘वन एस’ आणि ‘वन एक्स’ आले, आणि 2020 मध्ये पुढच्या पिढीला ‘सिरीज एस’ आणि ‘सिरीज एक्स’. चाहत्यांना हा क्रम पाठ आहे. मुलाच्या वाढदिवसाची भेट घ्यायला निघालेल्या बापाला ‘वन एक्स’ आणि ‘सिरीज एक्स’ यांतलं जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हे नावावरून ओळखण्याची काहीच सोय नाही. ही नावं कंपनीच्या सभागृहात तयार झाली आणि तिथेच समजण्यासारखी राहिली. आकड्याचीही एक मर्यादा आहे : आधीचं वचन पुढे चालू असेल तरच तो खरा ठरतो. वीकडून स्विचकडे जाताना वचनच बदललं होतं, तिथे आकडा लावणं दिशाभूल ठरलं असतं.

म्हणूनच 2025 मधली निवड महत्त्वाची आहे. निन्टेंडोनं ‘स्विच’च्या वारसाला ‘स्विच 2’ म्हटलं. ‘सुपर’, ‘64’, ‘क्यूब’, ‘यू’ अशी नावं घेत चार दशकं फिरलेल्या कंपनीनं आपल्या कन्सोलला पिढीचा साधा क्रमांक पहिल्यांदाच दिला. 5 जूनला विक्री सुरू झाली आणि पहिल्या चार दिवसांतच 35 लाखांहून जास्त यंत्रं गेली. पहिल्या आठवड्याचे गिऱ्हाईक चाहते असतात, त्यांना नावाची मदत लागत नाही, त्यामुळे हा आकडा नावाच्या बाजूनं पुरावा म्हणून मांडू नये. नावाची परीक्षा त्यानंतर, सणासुदीच्या गर्दीत होते, जेव्हा न खेळणारी माणसं खरेदीला येतात. त्यांना कमी लेखून या धंद्याचा कधी फायदा झाला नाही. नवं नाव ठरवणाऱ्यांनी म्हणून सभागृहातल्या उत्साही सहकाऱ्यांना विचारू नये. ते नाव खेळाशी काही संबंध नसलेल्या माणसाला एकदा सांगावं आणि दुसऱ्या दिवशी त्याला दुकानात पाठवावं. त्यानं बरोबर खोकं आणलं, तर नाव कामाचं.