बुलेट ट्रेन की जुने रूळ? मनमाडहून पाहू या!

बुलेट ट्रेन आधी की जुन्या मार्गांची सुधारणा आधी, हा वाद बहुतेक वेळा वेगावर येऊन थांबतो. आपण त्याकडे मनमाडहून पाहिले पाहिजे.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्याच वर्षी कार्ल मार्क्सने भाकीत केले की, रेल्वेतून उभा राहणारा उद्योग जातीचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडील. प्रत्यक्षात काय झाले? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे तिथले प्रतिपादन आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणातला रेल्वेचा तपशील मात्र आपण विसरतो. अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राहतो, त्याला बढती नाही. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. म्हणजे रेल्वेने जात मोडली नाही. जातीनेच रेल्वेतली कामे वाटून दिली. रूळ सांभाळणे आपल्या वाट्याला आले.

आता पैशाचा हिशोब पाहा. २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर समितीने रेल्वेच्या सुरक्षेसाठी पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपये मागितले. १४ सप्टेंबर २०१७ रोजी ५०८ किलोमीटरच्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन झाले. तेव्हाचा अंदाजे खर्च १ लाख ८ हजार कोटी! पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगरून २३ माणसे मेली.

समर्थक म्हणतात, ८१ टक्के रक्कम जपानचे ०.१ टक्के व्याजाचे कर्ज आहे, ते जुन्या रुळांवर खर्च करता येणार नाही. हे खरे आहे. पण कर्ज फेडायचे आपल्यालाच आहे, आणि महाराष्ट्राच्या वाट्याचे ५ हजार कोटी जपानचे नाहीत. सुरक्षेसाठीही २०१७ च्या अर्थसंकल्पात एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष जाहीर झाला, हेही खरे. पण रेल्वेने त्यातला स्वतःचा वाटा पूर्ण भरला नाही, असे कॅगने २०२२ च्या अहवालात नोंदवले.

जपानचे उदाहरण देणाऱ्यांनी ते पूर्ण द्यावे. १९६४ मध्ये टोकियो-ओसाका शिंकानसेन सुरू झाली, कारण जुना मार्ग गाड्यांनी भरून गेला होता. आणि त्याच दशकात जपानने टोकियोच्या पाच दिशांचे उपनगरी मार्ग वाढवायला घेतले. तिथे चाकरमान्याला थांबायला सांगितले गेले नाही.

आपला विरोध वेगाला नाही, क्रमाला आहे. सुरक्षेची रिक्त पदे भरा, झिजलेले रूळ बदला, जनरल डबे वाढवा, पालघरच्या आदिवासींच्या ग्रामसभांचे ऐका. मग वेगाबद्दल बोलू. आमदार मत मागायला येतील तेव्हा त्या ५ हजार कोटींचा हिशोब विचारा. आणि रुळावर गस्त घालणाऱ्या ट्रॅकमनपैकी किती जण पुढे अधिकारी झाले, हेही विचारा. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९३८ मध्येच मांडला होता.