खाण तशी माती?

आमचे खापरखेडा वीजकेंद्राचे गाव. इथे खाण म्हटली की डोळ्यांपुढे कोळसा उभा राहतो. म्हणीतली खाण मात्र आई. शिक्षकांच्या खोलीत ही म्हण फार स्वस्त झाली आहे. एखादे पोर बिथरले की कुणीतरी सुस्कारा टाकून ती उच्चारतो, आणि पोराचा निकाल परीक्षेआधीच लागतो. या निकालावरचे अपील मला सापडले ते उंदरांच्या इतिहासात!

१९५७ साली सेमूर लेव्हिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. उंदराची नवजात पिले रोज थोडा वेळ आईपासून दूर नेऊन परत ठेवली, तर ती मोठेपणी भित्री होण्याऐवजी धीट निघतात. ताटातुटीने धैर्य कसे यावे? उलगडा पुढे झाला. पिलू परत आले की आई त्याला अधिक चाटते. माँट्रियलच्या मायकेल मीनी यांच्या मंडळींनी मग नुसत्या उंदरिणीच न्याहाळल्या. काही पिलांना खूप चाटीत, काही बेताचेच. १९९७ साली त्यांनी दाखवले की खूप चाटलेली पिले मोठेपणी संकटात कमी बावरतात.

आता म्हणीचे कैवारी म्हणतील, धीट आईची पिले धीटच! म्हणून त्यांनी जन्मतःच पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणारीच्या पोटचे पिलू खूप चाटणारीच्या कुशीत वाढले, आणि धीट झाले. मादी असेल तर स्वतः आई झाल्यावर तीही पिलांना भरपूर चाटू लागली. हे १९९९ साल. २००४ मध्ये आणखी कळले, की जनुक तेच राहते, पण चाटण्याने त्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात. अमेरिकेच्या माळरानावर जोडीने संसार करणारा व्होल नावाचा उंदीर आहे. त्याची पिले एकट्या आईने वाढवली, तर त्यांना चाटणे कमी मिळते आणि मोठेपणी जोडीदाराशी जीव जडायला वेळ लागतो, असे २००९ साली दिसले. बापांनीही हे वाचावे.

उंदराचा न्याय माणसाला जसाच्या तसा लावू नये, हे मलाही मान्य आहे. पण ताराबाई मोडक उंदरांसाठी थांबल्या नव्हत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले. अनुताई वाघ सोबत आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. तिथे आधी पोरांना न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी त्यानंतर.