धर्मांतर, लिप्यंतर आणि एक जुने रजिस्टर

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शाळेतला जुना संगणक बंद पडला. त्यातल्या फाईली नव्या संगणकावर घेतल्या. प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाचे अहवाल, मुलांच्या याद्या, सगळे काही वीस वर्षांपूर्वी इनपेजमध्ये उर्दूत टाईप केलेले. नव्या संगणकावर इनपेज नव्हते. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर पडद्यावर चिन्हांची नुसती खिचडी. आमचे एक सहकारी म्हणाले, "ही फाईल कन्व्हर्ट करावी लागेल."

शेजारी नववीचा एक मुलगा हजेरीपत्रक घेऊन उभा होता. तो म्हणाला, "सर, फाईलपण कन्व्हर्ट होते? टीव्हीवर तर माणसं कन्व्हर्ट होतात म्हणतात." आम्ही हसलो. तो हसला नाही. जरा थांबून त्याने विचारले, "आपणपण कन्व्हर्ट झालेलेच ना, सर?"

त्या दिवशी आम्ही त्याला वर्गात जायला सांगितले. शिक्षकाने प्रश्न टाळणे बरे नव्हे. पण उत्तर तयार नव्हते, हेही खरे. पुढे ते शोधताना जे हाती लागले ते येथे वाचकांपुढे ठेवत आहोत.

मराठीची एक गंमत आम्हा उर्दूवाल्यांना लगेच जाणवते. उर्दूत धर्म बदलणे वेगळे, तर्जुमा वेगळा, हिजरत वेगळी. मराठीने या सगळ्यांना एकाच शेपटाने बांधले आहे. धर्मांतर, भाषांतर, लिप्यंतर, रूपांतर, स्थलांतर, नामांतर. यातला 'अंतर' म्हणजे दुसरा, वेगळा. पण रोजच्या बोलण्यात अंतर म्हणजे लांबी, दुरावा. आणि संतांच्या भाषेत अंतर म्हणजे मन. बदललेली वस्तू मूळ वस्तूपासून किती दूर गेली आणि तिच्या आत काय शिल्लक राहिले, हे दोन्ही प्रश्न या एका शब्दात आहेत. आमचा सगळा शोध याच दोन प्रश्नांभोवती फिरला.

सुरुवात घरापासून करू. आमच्या वाशीमचेच किती वेळा नामांतर झाले! वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, तेव्हाचे नाव वत्सगुल्म. प्राकृतात त्याचे वच्छोम झाले आणि झिजत झिजत वाशीम. अकबराच्या दरबारी लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत हे नाव 'बासिम' असे येते. इंग्रजांनी तेच उचलले. त्यांच्या काळात बासिम हा वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये त्याचा बराचसा भाग अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम म्हणून पुन्हा वेगळा झाला. अरबीत बासिम म्हणजे हसतमुख. आमच्यात मुलांचे हे नाव ठेवतात. वासराशी नाते सांगणारे संस्कृत नाव असे बदलत बदलत अरबी कानाला हसरे वाटू लागले. जबरदस्ती कोणी केली नाही. कानांनी आणि लेखण्यांनी आपापल्या सोयीने ते बदलले.

याच वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. तो १९३९ मध्ये प्रकाशात आला. चौथ्या शतकातल्या या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि पुढचा दानाचा मजकूर प्राकृतात. राजघराण्याची भाषा एक आणि व्यवहाराची दुसरी. एकाच तांब्यावर दोन्ही नांदल्या. म्हणजे आमच्या मातीत बदल झाला तो बहुधा असा, जुने नवे एकाच पत्र्यावर ठेवून.

जिल्ह्यातलेच कारंजा (लाड) घ्या. दत्तभक्तांसाठी ते नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. जैनांसाठी ते भट्टारकांच्या गाद्यांचे आणि ग्रंथभांडारांचे गाव. या भांडारांतल्या हस्तलिखितांनी देशभरच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी त्यांवर काम केले. पुष्पदंत नावाच्या दहाव्या शतकातल्या कवीचे अपभ्रंश काव्य 'णायकुमारचरिउ' त्यांनी संपादित केले आणि १९३३ मध्ये ते कारंजा ग्रंथमालेत छापले गेले. त्याआधी १९३१ मध्ये याच कवीचे 'जसहरचरिउ' प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली निघाले होते.

हा पुष्पदंत मूळचा शैव ब्राह्मण घराण्यातला. पुढे त्याच्या घराने जैन धर्म स्वीकारला. त्याचे जन्मकुळ आणि नंतरचा धर्म, दोन्ही आज आपल्याला माहीत आहेत, कारण कोणी तरी ती पोथी शतकानुशतके उतरवत राहिले. एका नकलनविसाने दुसऱ्याची नक्कल केली, दुसऱ्याने तिसऱ्याची, आणि शेवटी छापखान्याने त्यांची. फाईल कन्व्हर्ट करणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? आणि महत्त्वाचे हे, की पुस्तक छापले म्हणून पोथी कोणी फेकून दिली नाही.

आता आमच्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. वऱ्हाडात इस्लामी राज्य म्हटले की इमादशाहीचे नाव पहिले घ्यावे लागते. बहमनी राज्य मोडकळीस आल्यावर १४९० मध्ये फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क याने एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, आपली वेगळी सत्ता मांडली. इतिहासकार फिरिश्ता लिहितो, की हा फतहुल्लाह मूळचा विजयनगरकडच्या हिंदू घरातला. लढाईत लहानपणी कैद होऊन तो वऱ्हाडचा सुभेदार खान-ए-जहान याच्या पदरी आला आणि मुसलमान म्हणून वाढला.

त्याचाच समकालीन मलिक हसन. त्याचे घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. आज पाथरी परभणी जिल्ह्यात आहे, तेव्हा ती वऱ्हाडात मोडे. हे मूलही विजयनगरच्या स्वारीत कैद झाले. शहजाद्याबरोबर त्याला फारसी शिकवली गेली. बापाचे नाव भैरव म्हणून लोक त्याला हसन भैरव म्हणत. शहजाद्याच्या तोंडात 'भैरव' बसेना, म्हणून तो 'बहरी' म्हणू लागला. बहरी म्हणजे ससाणा. एका पोराचा उच्चार चुकला आणि भैरवाचा ससाणा झाला! याच हसनचा मुलगा अहमद निजामशाह, अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक.

कथा येथे संपत नाही. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह याला पूर्वजांची पाथरी हवी होती. इमादशाहाने ती दिली नाही. तेव्हा १५१८ च्या सुमारास बुऱ्हाणने ती चालून जाऊन घेतली. धर्म बदलून दोन पिढ्या उलटल्या, तख्त आले, छत्र आले, तरी पणजोबाच्या गावाची ओढ सुटली नाही. आणि ज्याच्याकडून गाव घेतले त्याचेही घराणे मूळचे हिंदूच.

या दोन्ही गोष्टींत आम्हांला दोन बाबी सोडता येत नाहीत. पहिली अशी, की कैदेत सापडलेल्या लहान मुलाला कोणी मर्जी विचारली नव्हती. दीनच्या बाबतीत जबरदस्तीला कुरआनची मनाई आहे. सूर-ए-बकराची २५६ वी आयत आम्ही मुलांना शिकवतो. मग राजांनी जे केले ते आम्ही कशाला झाकावे? दुसरी बाब अशी, की हा मजकूर लिहिणारा फिरिश्ता स्वतः मुसलमान, विजापूरच्या सुलतानाच्या आश्रयाचा. त्याने ब्राह्मण मूळ लपवले नाही की खरवडून काढले नाही. सरळ लिहून ठेवले. त्याने लिहिले म्हणून आज भैरव आपल्याला माहीत आहे.

परंतु राजांच्या गोष्टींवरून साध्या माणसाचे उत्तर मिळत नाही. आमच्या गावांत पिंजारी आहेत, मोमीन आहेत, बागवान, अत्तार, मन्यार, तांबोळी, कुरेशी आहेत. मुसलमान देशमुख आणि पटेलही आहेत. काहींचे पूर्वज सैन्याबरोबर आले, काही व्यापाराला आले, काही येथलेच. येथल्यांपैकी बहुतेकांचे नाव-गाव फिरिश्त्याने लिहिलेले नाही. मंगरूळपीरला हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्मांची माणसे येतात. अशा ठिकाणी बदल एका दिवसात होत नसतो. कोणी आधी नवस बोलतो, कोणाच्या मुलाचे नाव बदलते, नातवाचा दफनविधी होतो. तीन पिढ्यांत घर बदलते, धंदा मात्र तोच राहतो. कापूस पिंजणारा कापूसच पिंजतो.

याउलट एक धर्मांतर असे, की ज्याची तारीख आमच्या शेजाऱ्यांच्या लहान मुलांनाही पाठ आहे. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केली आणि एकवीस वर्षे विचार करून लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वाशीम जिल्ह्यातल्या गावोगावच्या वस्त्या त्यानंतर बदलल्या. हे उघड्या डोळ्यांनी केलेले धर्मांतर होते. पण माणूस दीक्षाभूमीवर बदलला तरी सरकारी कागद लगेच बदलला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता. त्यात शीख १९५६ मध्ये आले आणि बौद्ध थेट १९९० मध्ये. मुसलमान आणि ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी असे सुचवले. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. म्हणजे माणूस बदलतो एकदा, कागदाशी त्याचे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालते.

हे भांडण आमच्या दारात कसे आले ते सांगतो. आमची एक माजी विद्यार्थिनी बारावी होऊन पुढच्या प्रवेशासाठी जात पडताळणीला गेली. इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तिच्याकडे आजोबांचा दाखला होता, उर्दू. त्यात जात 'नद्दाफ'. वडिलांच्या मराठी दाखल्यात 'पिंजारी'. तिच्या स्वतःच्या दाखल्यात 'मन्सुरी'. तिन्ही नावे एकाच धंद्याची. नद्दाफ हा अरबी, पिंजारी हा मराठी. आणि मन्सुरी हे सूफी मन्सूर हल्लाज यांच्याशी नाते जोडणारे, कारण हल्लाज म्हणजेही पिंजारी. पण टेबलापलीकडच्या माणसाला तीन नावे म्हणजे तीन जाती वाटल्या. भरीला आजोबांचे नाव एका कागदावर 'नजीर', दुसऱ्यावर 'नझीर', तिसऱ्यावर 'नाजीर'. फाईल परत आली.

येथे लिपीचा घोळ समजून घेतला पाहिजे. उर्दूत 'ज'च्या जवळचे चार वर्ण आहेत: जाल, जे, जाद, जोय. देवनागरीत येताना चारही बहुधा एकाच ज मध्ये शिरतात. जालने लिहिलेला नजीर म्हणजे सावध करणारा. जोयने लिहिलेला नजीर म्हणजे दाखला, उदाहरण. देवनागरीतून परत उर्दूत नेताना कोणता घ्यायचा? मूळ रजिस्टर नसेल तर कोणालाच सांगता येणार नाही. संगणकात तर याहून बारीक घोळ. 'अली'तली शेवटची ये अरबी कळीने टाईप केली काय किंवा उर्दू कळीने, वाचणाऱ्याला ती एकच वाटते. पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरे, म्हणून शोध घेतला तर अली सापडत नाही. तारखांचेही तसेच. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात होता. त्या काळच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवावे तेव्हा इसवी सन येतो. १२६० फसली म्हणजे १८५०-५१. हे न जाणणाऱ्याने १२६० तसेच टाईप केले तर सहाशे वर्षे इकडची तिकडे होतात.

त्या मुलीसाठी आम्ही लोखंडी कपाटातून जुने दाखिल-खारिज रजिस्टर काढले. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण आजोबांची ओळ शाबूत होती. कोरा कागद घेऊन तीन रकाने आखले. पहिल्यात उर्दू जशीच्या तशी, दुसऱ्यात देवनागरी, तिसऱ्यात खुलासा: नद्दाफ म्हणजे पिंजारी; नजीर, जालने. मुख्याध्यापकांनी सही-शिक्का केला. प्रमाणपत्र मिळाले. प्रवेशाची एक फेरी मात्र हातची गेली, दुसऱ्या फेरीत घरापासून लांबचे कॉलेज मिळाले.

तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे-तिघे शिक्षक त्या रजिस्टरांचे फोटो काढतो आणि त्याच तीन रकान्यांत नोंदी उतरवतो. इनपेजच्या फाईलीही आता युनिकोडमध्ये आणल्या आहेत. मूळ फाईली वेगळ्या ठेवल्या आहेत, पुसलेल्या नाहीत. ज्या वाचकांच्या घरी आजोबांचे दाखले, निकाहनामे, सनदा पडून असतील त्यांनी ते कालबाह्य समजून रद्दीत घालू नयेत, एवढी विनंती आहे.

नववीचा तो मुलगा आता दहावीत आहे. शनिवारी तो आमच्यासोबत बसतो, उर्दू ओळ मोठ्याने वाचतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याला दिले. "बाळ, तुझ्या खापरपणजोबाचे काय झाले ते आम्हांला माहीत नाही. आपल्यापैकी काही बाहेरून आले, काही येथेच बदलले. यात लाजण्यासारखे काही नाही आणि मिरवण्यासारखेही नाही. जे लिहिलेले आहे ते नीट वाच, आणि जसे आहे तसे उतरव."

त्याने मान हलवली आणि पुढची ओळ वाचली. त्या ओळीत विद्यार्थ्याच्या जन्मगावाच्या रकान्यात कोणा मौलवी साहेबांनी सुबक नस्तालीक अक्षरांत लिहिले होते: बासिम. देवनागरीच्या रकान्यात काय लिहू, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "बासिम लिही. आणि खुलाशात लिही, वाशीम."